जुन्या वस्तीचे वारस

लहान शहराचा जुना मध्यभाग पुन्हा जिता झाला असे म्हटले की डोळ्यांपुढे सहसा रंगवलेल्या भिंती, ओळीने लावलेले दिवे आणि नव्याने बसवलेली फरशी येते. परंतु अशा वस्तीचे पुढचे आयुष्य ज्या गोष्टींवर ठरते, त्या रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसत नाहीत. घर कोणाच्या नावावर आहे, त्याला वारस किती, त्यांपैकी त्या घरात राहतात किती, आणि छप्पर दुरुस्त करायचे झाले तर किती जणांचा होकार लागतो, हे प्रश्न रंगाच्या आधी येतात. वाटणी न झालेले घर विकता येत नाही म्हणून ते उभे राहते आणि वाटणी न झाल्यामुळेच त्यावर कोणी पैसा घालत नाही म्हणून ते ढासळते, हा विरोधाभास महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या पेठांनी पाहिला आहे. भंडारा जिल्ह्यातील लाखनी, त्याच जिल्ह्यातील तटबंदीची पवनी आणि गोव्याच्या राजधानीतील फोंतेन्हास या तीन ठिकाणांची तुलना प्रथमदर्शनी ओढूनताणून केलेली वाटेल. पण घर आणि वारस यांच्या बाजूने पाहिले की तिन्ही ठिकाणी एकच गाठ निरनिराळ्या रीतीने बसलेली आढळते.

सडकेवरचे गाव

लाखनी हे भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण आहे. इंग्रजी अमदानीत नागपूरहून रायपूरकडे जाणारा हा रस्ता ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून ओळखला जाई; पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या फेररचनेत त्याला ५३ हा क्रमांक मिळाला. क्रमांक बदलले तरी भंडारा-गोंदियाकडे त्याचे नाव सडक हेच राहिले, इतके की पिंपळगाव (सडक), मानेगाव (सडक), सडक अर्जुनी अशी गावांची नावे सरकारी कागदांतही कायम झाली आहेत. एकोणिसाव्या शतकात नागपूरहून पूर्वेकडे गेलेला लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया असा उत्तरेच्या बाजूने गेल्याने लाखनीला आगगाडी लाभली नाही, आणि धान, जनावरे, कापड, विद्यार्थी, रुग्ण या सर्वांची ये-जा सडकेवरूनच होत राहिली.

अशा गावांना एक नव्हे, दोन मध्यभाग असतात. पहिला म्हणजे सडकेपासून थोडा आत असलेली जुनी वस्ती, जिथे देऊळ, बाजाराची जागा, जुन्या जमीनदारांचे वाडे आणि कारागिरांच्या ओळी एकमेकांना खेटून असतात. दुसरा म्हणजे सडकेच्या दोन्ही कडांना लांबच लांब पसरलेली दुकानांची रांग, जिला खोली फारशी नसते, पण दर्शनी भाग भरपूर असतो. गाव वाढते ते दुसऱ्या मध्यभागाच्या दिशेने, आणि लाखनीची वस्ती तर आता शेजारच्या मुरमाडी-सावरीला भिडलेली आहे. पूर्वी साकोली तालुक्यात असलेले लाखनी स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले, तहसील कार्यालय आले, ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली, आणि समर्थ महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे आसपासच्या खेड्यांतली मुले रोज गावात येऊ लागली. यातले जवळपास सारे नवे व्यवहार सडकेच्या बाजूला झुकले, त्यामुळे आतल्या वस्तीचे दार हळूहळू गावाचे मागचे दार झाले.

चौपदरी महामार्ग आणि त्यानंतर गावातून गेलेला उड्डाणपूल यांनी या मांडणीत आणखी एक बदल केला. लांब पल्ल्याची जड वाहने वरून जाऊ लागली आणि खाली दोन्ही बाजूंचे सेवारस्ते, म्हणजे मुख्य महामार्गाला समांतर जाणारे स्थानिक वाहतुकीचे रस्ते, गावाच्या वाट्याला आले. उड्डाणपुलाचा परिणाम कुठल्याही सडकगावात दुहेरी असतो. थांबून चहा-नाश्ता घेणाऱ्या परगावच्या गिऱ्हाइकावर चालणारे हॉटेल, पंक्चरचे दुकान, फळांची गाडी यांचा धंदा पुलाबरोबर वर उडून जातो; उलट कापड, भांडी, किराणा, शेतीची औषधे, सोने-चांदी यांसारखा गावाच्या आणि खेड्यांच्या गिऱ्हाइकावर चालणारा व्यापार मोकळा श्वास घेतो, कारण शाळकरी पोराला किंवा म्हाताऱ्या माणसाला सडक ओलांडणे ही जिवावरची गोष्ट राहत नाही. शहररचनेची पुस्तके ज्याला मध्यभागाचे पुनरुज्जीवन म्हणतात, त्याचा पहिला हप्ता लाखनीसारख्या गावाला अशा रीतीने, कोणी तसे ठरवलेले नसताना, महामार्गाच्या अभियंत्यांकडून मिळतो. दुसरा हप्ता मात्र आतल्या वस्तीतून यायचा असतो, आणि तो तिथेच अडतो.

कवेलू, स्लॅब आणि आखीव पत्रिका

जुन्या वस्तीतले पारंपरिक घर मातीच्या जाड भिंतींचे, समोर छपरी, आत अंगण आणि मागे सांदवाडी अशा रचनेचे असते. वर लाकडी फाट्यांवर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, उतरते छप्पर. हे घर मे महिन्याच्या उन्हात सिमेंटच्या घरापेक्षा सुसह्य असते, हे तिथल्या कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तरीही ते जाते, कारण ते माणसांकडून दरवर्षी काम मागते. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरावे लागतात, म्हणजे फुटके काढून, सरकलेले जागेवर बसवून, पाण्याच्या वाटा साफ करून संपूर्ण छप्पर पुन्हा लावावे लागते. वानरांची एक टोळी घरावरून गेली तर ते काम वर्षात दोनदा निघते. आणि ते करणारी माणसे आता नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर जास्त मजुरी मिळवतात. भिंतींना वाळवी लागते, शेणामातीचा हात फिरवायला घरातल्या बायकांना वेळ आणि हौस दोन्ही उरलेली नाही, आणि ती उरावी अशी अपेक्षा शहरातून आलेल्या वारसाप्रेमींनी करणे हे थोडे आप्पलपोटेपणाचेच आहे.

या घराच्या जागी स्लॅबचे घर येण्याला सर्वांत मोठा धक्का सरकारी घरकुलाने दिला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अनुदान महाराष्ट्रात मिळते. नगरपंचायत झाली की गाव या शहरी योजनेच्या कक्षेत येते. पण अनुदानासाठी जागा अर्जदाराची आहे हे दाखवणारा कागद लागतो, आणि जुन्या वस्तीत नेमका तोच नसतो.

याचे मूळ विदर्भाच्या जमीनव्यवस्थेत आहे. मध्य प्रांतात गावाची मालकी मालगुजाराकडे असे, म्हणजे सरकारला सारा भरण्याची जबाबदारी घेऊन गावावर मालकी हक्क चालवणाऱ्या घराण्याकडे. जिल्ह्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे त्याच व्यवस्थेचे आजही पाणी देणारे अवशेष आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, भंडारा जिल्हा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि प्रत्येक टप्प्यावर शेतीच्या नोंदींकडे जितके लक्ष दिले गेले तितके गावातल्या घरांच्या जागांकडे गेले नाही. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गावठाण म्हणतात त्याला इकडे आबादी म्हणतात. आबादीतल्या कितीतरी जागा पिढ्यानपिढ्या केवळ वहिवाटीने धरलेल्या असतात. शहरांमध्ये यात नझुलाची भर पडते. नझूल म्हणजे सरकारच्या मालकीची, पट्ट्याने दिलेली शहरी जागा; पट्ट्याचे नूतनीकरण राहून गेले की घर स्वतःचे आणि जमीन सरकारची अशी स्थिती होते. जिथे नगर भूमापन झाले आहे तिथे घराच्या जागेची आखीव पत्रिका मिळते, जिला इतरत्र मिळकत पत्रिका म्हणतात. पण त्या पत्रिकेवर बहुधा आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते आणि वारसांची नोंद झालेली नसते. घरपट्टीची पावती एकाच्या नावे, वीजबिल दुसऱ्याच्या, आखीव पत्रिका तिसऱ्याच्या आणि वास्तव्य चौथ्याचे, असे घर जुन्या वस्तीत अपवाद नसून रीत आहे. अशा घरावर बँक कर्ज देत नाही, नगरपंचायत बांधकामाची परवानगी देताना अडखळते आणि घरकुलाचा अर्ज कागदाअभावी बाजूला राहतो. मग ज्याला शक्य आहे तो सडकेपलीकडच्या नव्या लेआउटमध्ये स्वच्छ कागदाचा प्लॉट घेतो. जुनी वस्ती ओस पडते ती अशी, एका वेळी एक आखीव पत्रिका.

तटाच्या आत

भंडारा जिल्ह्यात ऐतिहासिक मध्यवस्ती हा शब्दप्रयोग कुठे शब्दशः लागू पडत असेल तर तो पवनीला. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावाभोवती मातीचा प्रचंड तट आणि खंदक आहे, नदीला दगडी घाट आहेत, देवळांच्या दाटीमुळे विदर्भाची काशी हे बिरुद तिला चिकटले आहे, आणि विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी पाच तोंडांचा सर्वतोभद्र गणेश याच गावात आहे. जवाहर गेट म्हणून ओळखला जाणारा दरवाजा हे केवळ स्मारक राहिलेले नाही. तो गावाचा उंबरठा आहे. बैलगाडीच्या हिशेबाने बांधलेल्या कमानीची उंची आणि रुंदी ही ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जमान्यात आपोआप वाहतुकीचे नियमन करते. पायी माणूस, सायकल, दुचाकी यांना आत मुभा. मोठ्या वाहनाने बाहेरून वळसा घ्यायचा. युरोपातली शहरे हीच व्यवस्था खांब रोवून आणि फलक लावून करतात.

या मातीखाली किती थर आहेत, हे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडीवर केलेल्या उत्खननाने दाखवून दिले. तिथे मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप, त्याच्या भोवतीच्या कठड्याचे दगडी खांब आणि त्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेख सापडले. दात्यांची नावे महत्त्वाची अशासाठी की ती राजांची नव्हती. स्तूपाच्या एकेका खांबाचा खर्च एकेका व्यक्तीने उचलला होता, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात असे नागरिक होते ज्यांच्याकडे शिल्लक पैसा होता आणि जे तो गावाच्या सार्वजनिक वास्तूवर घालत होते. महाक्षत्रप रूपिअम्म याच्या नावाचा छायास्तंभ, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ, हाही पवनीचाच. १९९४ मध्ये तटबंदीच्या बाजूने पुन्हा उत्खनन झाले.

इतका इतिहास पायाखाली असणे हे राहणाऱ्याच्या दृष्टीने वरदान असतेच असे नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. जिथे अशी हद्द दाट वस्तीतून जाते, तिथे गळके छप्पर बदलण्याचा अर्ज तालुक्याहून नागपूरकडे आणि पुढे दिल्लीच्या नियमांकडे बघत प्रवास करतो, तर दोन गल्ल्या पलीकडे कोणी तीन मजले चढवतो. कायद्याचा हेतू निर्दोष आहे. पण वर्तुळ काढण्याची पद्धत वस्तीचा आकार पाहत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटिअरमध्ये पवनीची ओळख रेशीमकाठी कापड विणणारे आणि अतिशय बारीक सूत वापरणारे गाव अशी नोंदवलेली आहे आणि गिरण्यांच्या स्वस्त मालापुढे हे महागडे कापड मागे पडत असल्याचीही नोंद त्याच ठिकाणी आहे. विणकराचे घर हा त्याचा कारखानाही असतो. माग बंद पडला की घराचे राहण्याखेरीज दुसरे कारण संपते. नदीचेही तसेच. १९८८ मध्ये पायाभरणी झालेले गोसीखुर्द धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे घाटावरचे पाणी आता पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. यात्रेकरू येतात, अलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे वाघ पाहणारेही येतात, जवळच्या रुयाळ येथील महास्तूपामुळे बौद्ध उपासक येतात; पण ते तटाच्या आत एखादी रात्र काढतील अशी खोली जुन्या घरांमध्ये क्वचितच कोणी उघडतो. घराचे सहा वारस असतील तर त्या खोलीचे भाडे कोणाचे, हा प्रश्न खोली उघडण्याआधीच उभा राहतो.

चुन्याचा रंग

हाच प्रश्न पणजीत वेगळ्या रीतीने सुटला आणि म्हणून फोंतेन्हासकडे वळणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४० हजार माणसे राहत होती, म्हणजे राजधानी असली तरी आकाराने ती लहान शहरच आहे. आल्तिनो टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंतेन्हास वसले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुवांव द सिक्वेरा या, मोझांबिकहून परतल्यामुळे मोसमीकर म्हटल्या जाणाऱ्या गृहस्थाने इथली दलदल भरून नारळीची बाग केली, आणि टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यांवरून वस्तीला नाव मिळाले. जुने गोवे साथींनी ओस पडत गेल्यावर सत्तेचे केंद्र पणजीकडे सरकले, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि सरकारी नोकर, वकील, छापखानेवाले, व्यापारी अशा मध्यमवर्गाने ही पट्टी भरून काढली. इथली घरे सरदारांची नाहीत, कारकुनांची आहेत; म्हणूनच ती एकमेकांना लागून, रस्त्याला चिकटून आणि माणसाच्या मापाची आहेत.

या वस्तीला युनेस्कोने वारसास्थळ ठरवले आहे, असे पर्यटकांना सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. जागतिक वारशाच्या यादीत १९८६ पासून आहेत ती जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ. फोंतेन्हासचे रक्षण होते ते शहराच्या विकास आराखड्यातील संवर्धन क्षेत्राच्या नियमांनी, म्हणजे घराची उंची, दर्शनी भाग, छपराचा उतार यांत मनाला येईल तसा बदल करता येणार नाही अशा स्थानिक अटींनी. ही बाब तांत्रिक वाटली तरी मोलाची आहे, कारण तिच्यामुळे बिल्डरला पाडून बांधण्यात रस उरत नाही, आणि पाडून बांधण्याची किंमत गेली की दुरुस्तीची किंमत परवडू लागते.

दुरुस्ती म्हणजे काय, हे एका भिंतीपाशी थांबल्यावर कळते. भिंत जांभ्याची, त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर चुन्यात कालवलेला पिवळा, निळा किंवा तांबडा रंग. पांढरा रंग चर्चसाठी राखायचा आणि घरे दरवर्षी पावसाळ्यानंतर रंगवायची, ही पोर्तुगीज काळापासूनची चाल. जांभा सच्छिद्र असतो, चार महिने तो पाणी पितो आणि उरलेले आठ महिने चुन्याच्या थरातून ते बाहेर सोडतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट लावला की ओल आत कोंडते, मिठाचे पापुद्रे सुटतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे पडू लागतात. काही खिडक्यांना अजून काचेऐवजी पातळ शिंपल्या तासून लाकडी चौकटीत बसवलेल्या आहेत; त्यांतून उजेड येतो, ऊन येत नाही. हे काम जाणणारा गवंडी आणि सुतार शोधणे हा घरमालकाचा दर वर्षीचा उद्योग आहे, आणि कवेलू फेरणाऱ्याच्या शोधापेक्षा तो फारसा निराळा नाही.

वस्तीला बाहेरचे डोळे लागले ते गेल्या काही दशकांत. पणजीम इनसारख्या जुन्या घरांची हॉटेले झाली, समोरचे चौकाचे हिंदू घर आणि जवळची एक जुनी शाळाही त्याच वाटेने गेली. गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपने भरवलेल्या कलामहोत्सवात रहिवाशांनी आपल्या बैठकीच्या खोल्या चित्रांसाठी उघडल्या. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होऊ लागल्यावर शहराचा दर्शनी भाग सजवण्यात आला. चित्रे लावण्यासाठी घर उघडणे आणि कायमचे पर्यटकांसाठी सोडून देणे यांत फरक आहे, आणि तो फरक पुढे पुसट होत गेला. आता सकाळी पदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, तेव्हा त्याच्या आधीच लग्नाआधीची छायाचित्रे काढणारी जोडपी कोणाच्या तरी उंबरठ्यावर उभी असतात. छायाचित्रे काढू नका अशा पाट्या घरांवर लागल्या आहेत आणि त्या पाट्यांचीही छायाचित्रे काढली जातात. २०१६ मध्ये पणजी स्मार्ट सिटी योजनेत आल्यानंतर सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी अरुंद रस्ते खोदले गेले. शेजारच्या मळा भागात जोराच्या पावसात खाडीचे पाणी उलटे फिरून घरांत शिरते ही जुनी व्यथा आहे. सौंदर्याच्या लेखांमध्ये सांडपाणी येत नाही. राहणाऱ्याच्या बोलण्यात मात्र ते पहिल्या पाच मिनिटांत येते.

घर एक, वारस अनेक

फोंतेन्हासमधली घरे टिकली यात नियमांचा वाटा आहे तसा वारसा कायद्याचाही. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली आणि तिचा कुटुंबविषयक भाग विलीनीकरणानंतरही चालू राहिला. तिच्यानुसार मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीव, तिच्यावर मृत्युपत्राचाही अंमल नाही, आणि विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होत असल्याने घर विकायला दोघांच्या सह्या हव्यात. परिणाम असा की एकेका घराला लिस्बनपासून मुंबईपर्यंत पसरलेले दहा-वीस सहमालक तयार झाले. त्यात १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालचा जुना भाडेकरू असला की घर जवळजवळ गोठते. गोठलेले घर बिल्डरच्या हाती जात नाही; पण ते कोणी सावरतही नाही, आणि फोंतेन्हासच्या मागच्या गल्ल्यांत छपरे खचलेली, दारांना साखळी लावलेली घरे दिसतात ती याच गोठण्यातून.

तरीही तिथे एक सुटकेचा मार्ग आहे. मृत्यूनंतर मालमत्तेची न्यायालयीन यादी करण्याच्या प्रक्रियेत, जिला गोव्यात इन्व्हेंटरी म्हणतात आणि जिचे नियम २०१२ च्या नव्या उत्तराधिकार कायद्यात पुन्हा मांडले गेले, अविभाज्य वस्तूसाठी वारसांमध्ये आपापसांत बोली लावता येते. जो सर्वांत जास्त बोली लावेल त्याला अखंड घर मिळते आणि उरलेल्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम रोखीने. प्रक्रिया वेळखाऊ आहे, वकिलांचा खर्च आहे, पण शेवटी घराला एक मालक मिळतो आणि बहिणीला पैसे मिळतात.

महाराष्ट्रात २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. भाड्याच्या बाबतीत विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा आदेश जाऊन राज्याचा १९९९ चा कायदा लागू झाला. पण अखंड घर एका वारसाकडे नेऊन इतरांना मोबदला देण्याची गोव्यासारखी सरळ वाट इथल्या व्यवहारात नाही. वाटणीचा दावा आहे, त्यात बरीच वर्षे जातात; आणि दुसरे टोक म्हणजे हक्कसोडपत्र, जवळच्या नातलगांमध्ये नाममात्र मुद्रांकावर दुय्यम निबंधकांपुढे होणारा दस्त, ज्यात एक वारस आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावे सोडतो. तो सोडणारी बहुधा बहीण असते.

लाखनीच्या बाजूला याचा हंगामही ठरलेला आहे. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदियात गावोगाव मंडई भरतात. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचे नाटक, आणि घरोघरी माहेरी आलेल्या लेकी, जावई, नागपूर-पुण्याकडचे भाऊ. मंडईत सोयरिकी जुळतात, तशीच अंगणात बसून जुन्या घराची बोलणीही होतात, कारण सर्व वारस एका जागी सापडण्याचा वर्षातला हाच काळ. कुणी एकाने घरकुलाचा अर्ज करायचा असतो, त्यासाठी आखीव पत्रिकेवर एकाच नावाची नोंद हवी असते, आणि तीन बहिणींच्या सह्या झाल्या की ती होते. बहिणीच्या हातात भावाला ओवाळण्याचे ताट असताना तिला नाही म्हणणे अवघड असते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. जुन्या वस्तीतली कितीतरी घरे अशा सह्यांवर उभी राहिली आणि पुन्हा बांधली गेली आहेत; त्या हिशेबात वस्तीच्या पुनरुज्जीवनाचे सर्वांत मोठे देणगीदार म्हणजे सासरी गेलेल्या लेकी, आणि पवनीच्या स्तूपावर दात्यांची नावे कोरली गेली तशी यांची कुठेही कोरलेली नाहीत.

नगरपंचायतीच्या हाती यातले थोडेच आहे, पण ते थोडे नेमके आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखडा होतो तेव्हा दाट वस्तीची सीमा आणि रस्ता रुंदीकरणाच्या रेषा नकाशावर आखल्या जातात, प्रारूप प्रसिद्ध होऊन ठरावीक मुदतीत हरकती मागवल्या जातात, आणि २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली त्या दाट वस्तीत किती आणि कसे बांधता येईल हे ठरवते. आतल्या गल्लीवर रुंदीकरणाची रेघ ओढली की तिच्याकडेच्या प्रत्येक छपरीची दुरुस्ती त्या दिवसापासून थांबते, रस्ता प्रत्यक्षात रुंद होवो न होवो. कारण उद्या पाडली जाणारी भिंत आज कोणी लिंपत नाही. हरकतींची मुदत चालू असते तेव्हा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला असतो, आणि आखीव पत्रिकेवर ज्यांची नावे आहेत ते बहुतेक हयात नसतात. हरकत लिहायची तर ती कोणाच्या सहीने, इथूनच घरातल्या वारसांची पुन्हा जुळवाजुळव सुरू होते.